लग्नपत्रिकेपासून दोन पानांपर्यंत



या पानावर इंदूर-ग्वाल्हेरच्या वाड्यांबद्दल, बडोद्याबद्दल, बेळगावच्या सीमालढ्याबद्दल भरपूर वाचायला मिळतं. गोव्याकडून येतं ते बहुधा देवळं, जत्रा आणि नाटकांबद्दल. आज जरा वेगळा विषय घेतो. गोव्यातल्या साध्या मराठी माणसाचं राजकीय मत. ते कसं दाबलं गेलं, मग कसं विचारलं गेलं, आणि विचारल्यावर काय झालं.

निमित्त असं की हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. "सामान्य माणसाने राजकारणावर बोलून काय उपयोग? आपण बरं, आपलं काम बरं." हे बोलणारी माणसं वाईट नसतात, कंटाळलेली असतात. पण माझ्या घरातली आधीची पिढी बरीच वर्षं गप्प बसून जगली. ती गप्प का होती हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय. त्यामुळे हे वाक्य काही मला सहज गिळता येत नाही.

मराठीत ‘मत’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. मनात असतं तेही मत आणि पेटीत टाकतो तेही मतच. पोर्तुगीज राजवटीत आमच्या आजोबांकडे या दोन्हींतलं एकही नव्हतं. म्हणजे मनात असेल ते असेल, बाहेर काढायची सोय नव्हती.

पूर्ण साडेचारशे वर्षं सारखीच गेली, असंही नाही. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं. गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले, सरकारी नोकऱ्यांची दारं उघडली. त्या काळात गावोगाव वाचनालयं निघाली, मराठी शाळा निघाल्या, नियतकालिकं निघाली. केप्यातून हेगडे देसाईंचं ‘भारत’ निघत होतं, सरकारवर टीका करत होतं, खटले अंगावर घेत होतं. आजोबा तेव्हा लहान होते, पण देवळाच्या चौकात कोणीतरी मोठ्याने पेपर वाचतोय आणि बाकीचे ऐकतायत, हे त्यांना आठवायचं.

१९२६ साली लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता घेतली, पुढे सालाझार आला आणि हे सगळं आवळलं गेलं. १९३० चा वसाहत कायदा आला. त्याविरुद्ध लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या कायदेमंडळात ठराव मांडला, स्वयंनिर्णयाचा हक्क आम्ही सोडलेला नाही असं बजावलं. पण ठराव ठरावाच्या जागी राहिला. छापील कागदावर सेन्सॉर बसला. ‘विझादु पेला सेंसुरा’, म्हणजे सेन्सॉरने पाहिलं आहे, एवढा शेरा मिळाल्याशिवाय छापखान्याचं यंत्र हलायचं नाही.

आणि हे फक्त वर्तमानपत्रांपुरतं नव्हतं. लग्नपत्रिकासुद्धा तपासून घ्यावी लागे. नव्या पिढीला हे सांगितलं की ती हसते. आमच्याकडेही हसायचेच, पण जरा वेगळं हसायचे. आत्याच्या लग्नाची पत्रिका मंजूर करून आणायला आजोबांना तीन खेपा पडल्या. तपासणाऱ्याला मराठी जेमतेम येत होतं. "आमच्या घरी पायधूळ झाडावी" या ओळीवर गाडी अडली. पाहुण्यांनी येऊन पायाची धूळ का झाडायची, हे आजोबांनी त्याला अर्धा तास समजावलं. शेवटी ती ओळ गाळली आणि ‘अवश्य यावे’ एवढंच ठेवलं. आजोबा ही गोष्ट रंगवून सांगायचे. पण संपवताना नेहमी म्हणायचे, "पोरीच्या लग्नाला चार माणसं बोलवायची, तर त्याला सरकारची परवानगी. मग स्वराज्याचं नाव कोण काढणार?"

मला वाटतं, हुकूमशाही सामान्य माणसाला भेटते ती अशी. त्याला तुरुंग क्वचितच दिसतो. त्याला दिसतो तो कचेरीतला बाक, तिसरी खेप आणि गाळलेली ओळ. काही वर्षांनी तो स्वतःच ओळी गाळायला शिकतो. घरात बोलतानाही आवाज खाली येतो. आमची आजी तर पुढे १९७० नंतरसुद्धा सरकारबद्दल काही बोलायचं झालं की आधी खिडकीकडे बघायची.

आता १८ जून १९४६. ही तारीख गोव्यात सगळ्यांना पाठ असते, पण त्या दिवशी नेमकी मागणी काय होती हे विचारलं तर बरेच जण चाचपडतात. डॉ. राममनोहर लोहिया नुकतेच तुरुंगातून सुटले होते, तब्येत खालावली होती. मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या असोळण्याच्या घरी ते विश्रांतीला आले. तिथे लोक त्यांना भेटायला यायला लागले, आणि साधी सभा घ्यायलासुद्धा परवानगी लागते हे त्यांना कळलं. मडगावच्या मैदानावर त्या दिवशी जी सभा झाली ती आधी नागरी स्वातंत्र्यासाठी होती. बोलण्याचं, लिहिण्याचं, जमण्याचं स्वातंत्र्य. भर पावसात लोक जमले होते. प्रशासक कॅप्टन मिरांडा पिस्तूल घेऊन आडवा आला आणि लोहियांनी त्याला हाताने बाजूला सारलं. दोघांनाही अटक झाली. गांधीजींनी ‘हरिजन’मधून लोहियांच्या बाजूने लिहिलं. ते मैदान आज लोहिया मैदान म्हणून ओळखलं जातं.

म्हणजे क्रम बघा. भारतात जायचं की नाही, कुठल्या राज्यात जायचं, भाषा कुठली, हे सगळे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न होता, आम्ही बोलायचं की नाही.

त्याची किंमत किती होती, याचं एकच उदाहरण देतो. फेब्रुवारी १९५४. म्हापशाचे नामांकित शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीला गेले होते. बोलता बोलता कोणीतरी गोवा म्हणजे पोर्तुगालच असं म्हणालं. गायतोंडे म्हणाले, "मी निषेध करतो." पोर्तुगीजमध्ये हे दोनच शब्द होतात. तेवढ्यावरून त्यांना अटक झाली आणि थेट पोर्तुगालला नेलं. ना मोर्चा, ना पत्रक. जेवणाच्या टेबलावरचं एक मत.

१९५५ पासून दिवस आणखी कठीण झाले. त्या वर्षी सत्याग्रही सीमेवरून आले, १५ ऑगस्टला पत्रादेवीला आणि इतर ठिकाणी गोळीबार झाला. भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे बंद, टपाल बंद, बेळगावहून येणारी भाजी बंद. बाजारात बटाटे हॉलंडचे दिसायला लागले. सावंतवाडीत, बेळगावात, मुंबईत दिलेल्या लेकींची पत्रं येईनाशी झाली. पोर्तुगीज सरकारबद्दल मत सांगायची बंदी होतीच, पण नाकेबंदीने आमचेही हाल होतात, हेसुद्धा लोकांना भारताला मोकळेपणी सांगता येत नव्हतं. दोन्ही बाजूंनी गप्प.

त्या काळात एक आवाज तेवढा होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या रानातून नोव्हेंबर १९५५ पासून गुप्त रेडिओ चालवला, आधी आंबोलीकडून, मग कॅसलरॉककडून. कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून बातम्या यायच्या. आमच्या गावात रेडिओ एकाच घरी होता. आजोबा तिथे ‘सुपारीचा भाव विचारायला’ जायचे. इतक्या वेळा सुपारीचा भाव विचारणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नसेल.

१९ डिसेंबर १९६१ ला हे संपलं. सगळ्यांचं संपलं नाही, हेही सांगायला हवं. सांगलीहून येऊन सावईवेऱ्याला मराठी शिकवणारे मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले होते. ते पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले १९६९ मध्ये. गोवा मोकळा होऊन सात वर्षं झाली तरी गोव्यासाठी लढलेला मास्तर आतच होता.

डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली. आयुष्यात पहिल्यांदा आजीच्या बोटाला शाई लागली. पोर्तुगीज काळात मतदान होतं ते मूठभरांपुरतं, तिच्यासारख्या बाईचा प्रश्नच नव्हता. निकाल सगळ्या देशाला चकित करणारा लागला. नेहरूंच्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. महाराष्ट्रात विलीन होऊ म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे आमचा मगो, मित्रपक्षासह १६ जागांवर आला. वेगळं राहू म्हणणाऱ्या युनायटेड गोवन्सला १२ मिळाल्या. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि जिथे शाळेचं नाव नव्हतं त्या गावांत मराठी प्राथमिक शाळा उघडायला लागल्या. आमचे बाबा अशाच एका शाळेत मास्तर झाले.

विलीनीकरण की संघप्रदेश, हा वाद बाहेरच्यांना बहुतेक वेळा हिंदू-ख्रिस्ती किंवा मराठी-कोकणी एवढाच सांगितला जातो. जवळून पाहिलेला माणूस असं सांगणार नाही. आमच्या फोंड्याकडे ‘फुला’ला मत देणाऱ्या कित्येकांच्या मनात मुंबई-पुणे नव्हतंच. त्यांच्या मनात भाटकार होता. महाराष्ट्रात गेलो तर कसणाऱ्याला जमीन मिळेल, बहुजनांचं राज्य येईल, हा त्यांचा हिशोब. पलीकडे दोन पानांना मत देणाऱ्या रेंदेराला दारूबंदीची भीती होती, मुंबईच्या कारभारात आपल्याला कोण विचारणार ही भीती होती. कोकणीच्या प्रेमाने दोन पानांकडे गेलेले हिंदू पुष्कळ होते. एका माणसाच्या एका मतात भाषा, जात, जमीन, पोट, सगळं मिसळलेलं होतं.

शिवाय आणखी एक गंमत. विलीनीकरणाच्या विरोधातला सगळ्यात धारदार प्रचार झाला तो मराठीतून! मडगावच्या ‘राष्ट्रमत’मधून उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ सदर लिहायचे. आमच्या बाबांना त्यातलं एक अक्षर पटायचं नाही, पण वाचल्याशिवाय राहवायचं नाही. आईचा भाऊ मडगावला, तो पक्का दोन पानांवाला. तो यायचा तेव्हा पिशवीत ‘राष्ट्रमत’ असायचा. बाबांच्या हातात ‘गोमन्तक’. आई दोघांना चहा द्यायची आणि म्हणायची, "पेपर खाली ठेवा, कप सांडतील."

निर्णय विधानसभेने बहुमताने घ्यावा असं मगोचं म्हणणं होतं. डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांचे सहकारी अडून बसले, एवढा मोठा प्रश्न लोकांनाच विचारा. शेवटी डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला. एखाद्या प्रदेशाचं भवितव्य ठरवायला संसदेने कायदा करून थेट तिथल्या लोकांचं मत घ्यावं, ही आपल्या देशात फार क्वचित घडलेली गोष्ट आहे.

१६ जानेवारी १९६७. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. मी शाळेत होतो. आम्हा पोरांचीही फुलवाले आणि पानवाले अशी फळी पडली होती आणि त्यावरून विटीदांडूचे संघ ठरत होते. निकाल असा लागला: फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१.

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या आमच्या नव्या काबिजादीच्या भागात फुलाला बहुमत होतं. म्हणजे आमच्या आजूबाजूला बघावं तर आपणच जिंकलो असं वाटणारी परिस्थिती, आणि एकूण गोव्यात हार. त्या रात्री आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. बाबा म्हणाले, "फसवलं." आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फसवलं कसं? विचारलं ना? मला आजवर कोणी काय विचारलंय?" बाबांना ते तेव्हा पटलं नाही. मला ते वाक्य समजायला पुढे बरीच वर्षं लागली.

यानंतर जे झालं त्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांचं फारसं लक्ष जात नाही. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच गोव्याने विलीनीकरण मागणाऱ्या मगोलाच पुन्हा सत्तेवर बसवलं. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. अडाणी म्हणून ज्यांना हिणवलं जायचं त्या मतदारांनी दोन प्रश्न वेगळे ओळखले. महाराष्ट्रात जायचं का? नाही. गोव्याचा कारभार कोणी करावा? भाऊंनी. ज्याला ‘सामान्य माणसाला काय कळतं’ असं वाटतं, त्याने हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

आणि भाऊंनीही तो कौल मानला. शाळा चालू राहिल्या, मराठी चालू राहिली. मामा पुढच्या चतुर्थीला नेहमीसारखा आला, पिशवीत नेहमीसारखा ‘राष्ट्रमत’.

याच्या उलट उदाहरणही आमच्याच गोव्यात आहे. १९८५ ते ८७ च्या राजभाषेच्या वादात प्रश्न लोकांना कोणी विचारला नाही. तो रस्त्यावर आला. रस्ते अडवले गेले, जाळपोळ झाली, माणसं मेली. फेब्रुवारी १९८७ मध्ये कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी वापरात स्थान मिळालं, आणि ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. पण त्या दोन वर्षांत तुटलेली काही घरं पुन्हा सांधली गेली नाहीत. १९६७ मध्ये हरलेले आम्ही कडू झालो होतो, पण शेजारी तुटले नव्हते. मला या दोन्हींतला फरक महत्त्वाचा वाटतो.

आता आणीबाणीबद्दल चार ओळी, कारण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २६ जून १९७५. गोवा भारतात येऊन साडेतेरा वर्षं झाली होती. ‘इंडियन एक्सप्रेस’ने २८ जूनच्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी सोडल्याची बातमी बाबांनी आणली. आजोबा तेव्हा पंचाहत्तरीला टेकले होते. त्यांनी दोन वेळा विचारलं, कोरी म्हणजे काहीच नाही? मग म्हणाले, "सेंसुरा परत आयली." घरातल्या तरुणांना वाटलं, म्हातारा जुन्या काळात गेला. गाड्या वेळेवर धावतात, कचेरीत माणसं जागेवर सापडतात, साठेबाज आत गेले, असं बाबाही कौतुकाने सांगायचे. आजोबा म्हणायचे, "पाखल्यांच्या वेळीसुद्धा रस्ते स्वच्छ होते रे."

त्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत उघडपणे आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तेही स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण समोर असताना. पुढे त्यांना अटक झाली. कऱ्हाडहून परतलेल्या कोणाकडून तरी ही हकीकत आमच्या वाचनालयात पोचली, आणि तोंडातोंडी गावभर झाली. आजोबांनी ती माझ्याकडून दोनदा सांगून घेतली. सुपारीचा भाव विचारायला जाणाऱ्या माणसाला बातमी कशी फिरते ते चांगलं माहीत होतं.

मला इथे कुठल्याही एका पक्षाला झोडायचं नाही. हुकूम पोर्तुगालहून येवो की दिल्लीहून, आणि दिल्लीत कोणीही असो, सामान्य माणसाने बघायच्या गोष्टी त्याच राहतात. लग्नपत्रिका छापताना, नाटक बसवताना, चौकात चार माणसं जमवताना मला कोणाला विचारावं लागतं का? जेवणाच्या टेबलावर ‘मला हे मान्य नाही’ म्हटलं तर माझं काय होतं? आणि माझ्याबद्दलचा मोठा निर्णय घेताना मला विचारलं जातं का? रस्ते, पूल, वेळेवरच्या गाड्या हव्यातच. पण त्यांच्या बदल्यात हे तीन प्रश्न विकायचे नसतात.

एक काळजी मात्र वाटते. आज कायद्याने तोंड बंद नसतानाही घरात, नात्यांत, शाळेच्या जुन्या मित्रांत लोक ओळी गाळायला लागलेत. मत वेगळं निघालं की माणूसच नको होतो. बाबा आणि मामा हयातभर एकमेकांच्या विरुद्ध राहिले आणि एकमेकांच्या आजारपणात उशाशीही बसले. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. बोलता न येण्याचे दिवस त्यांनी पाहिले होते, त्यामुळे समोरचा बोलतोय याचंच त्यांना अप्रूप होतं, असं मला वाटतं.

माझं घर फुलवाल्यांचं. आम्ही हरलो. आज माझी नातवंडं ‘आम्ही गोव्याचे’ म्हणून मिरवतात, मराठीत भांडतात, कोकणीत हसतात, आणि मला त्यात हरल्यासारखं काही वाटत नाही. तुमच्यापैकी कोणी पानवाल्यांच्या घरातले असतील, त्यांनी आपली बाजू जरूर लिहावी. आणि कोणाच्या जुन्या पेटीत ६१ च्या आधी गोव्यात छापलेली लग्नपत्रिका असेल, तर तिचा फोटो इथे टाका. ‘पायधूळ झाडावी’ ही ओळ तिच्यात आहे का, ते मला बघायचंय.